राज्य कोणाचे, हे ग्रामसभेत कळते



पारावर बसलं की दिल्ली-मुंबईच्या गप्पा रंगतात. कोण फुटलं, कोणाचं सरकार पडलं, सगळं आपल्याला तोंडपाठ. पण शाळेत जाणाऱ्या नातीनं विचारलं, "आबा, राजेशाही म्हंजे काय अन् लोकशाही म्हंजे काय?" की आपण पुस्तकाकडे बोट दाखवतो. वास्तविक पुस्तकाची गरजच नाही. राज्यकारभाराचे चार प्रकार नांदेड-लातूरच्या माणसांनी चार वर्षांच्या आत स्वतः भोगले आहेत.

कारभार कोणत्या प्रकारचा, हे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. सत्ता कोणी दिली? हिशेब कोणाला द्यायचा? आणि माणूस नको झाला तर त्याला खाली उतरवता येतं का?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, उदगीर बिदर जिल्ह्यात. पण मालक एकच, निजाम. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले ते वारशाने. त्यांचे फर्मान हाच कायदा. त्यांना हिशेब मागणारा रयतेत कोणी नाही, आणि उतरवायची सोय नाही. ही राजेशाही. त्या काळात 'गश्ती निशाण ५३' नावाचा एक हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, असा त्याचा अर्थ. हा हुकूम ध्यानात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

पोलीस ॲक्शननंतर मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर म्हणून आले. ही लष्करी राजवट. याच काळात, १९४९ साली, जहागिऱ्या रद्द झाल्या. काम मोठे झाले, यात वाद नाही. परंतु त्याच सुमारास गावोगावच्या हिंसाचारात निरपराध माणसांनाही सोसावे लागले, आणि त्याचा जाब विचारायला लोकांनी निवडलेली सभाच नव्हती. एखादे काम चांगले झाले म्हणून तो कारभार लोकांचा होत नाही.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून वेल्लोदी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. निवडून नव्हे, नेमणुकीने. हा अधिकाऱ्यांचा कारभार. निजाम मात्र राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत राहिले. मान होता, हुकूमत गेली होती. राजा असणे आणि राजाचे राज्य असणे यात हाच फरक. इंग्लंडात आजही राजा आहे, पण कारभार निवडून आलेले मंत्रिमंडळ करते. नेपाळने २००८ साली राजेपणच मोडीत काढले, तिथे प्रजासत्ताक आले.

चौथा प्रकार १९५२ ला आला. बाई असो, गडी असो, शिकलेला असो, अंगठेबहाद्दर असो, वयात आलेल्या प्रत्येकाला एक मत. त्यातून बुर्गुल रामकृष्ण राव यांचे सरकार आले. तिन्ही प्रश्नांचे उत्तर पहिल्यांदाच 'आपण' असे झाले. ही लोकशाही.

लोकशाहीतही दोन तऱ्हा आहेत, आणि त्या आपल्या ग्रामपंचायतीने दोन्ही पाहिल्या. सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा, ही पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांची पद्धत. सगळ्या गावाने सरपंचाला थेट मत द्यायचे, हे काहीसे अमेरिकेच्या अध्यक्षासारखे. आपल्याकडे २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. थेट निवडलेला सरपंच सदस्यांच्या रुसव्याफुगव्याने पडत नाही, हा फायदा. मात्र तो ऐकेनासा झाला तर त्याला उतरवणेही अवघड, हा तोटा. तेव्हा मत देतानाच माणूस पारखून घ्यावा.

आता सध्याच्या काळाकडे या. मार्च २०२२ मध्ये नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक भला असेल, कामसूही असेल. पण तो नेमलेला, निवडलेला नव्हे. गावच्या रस्त्यासाठी कोणाची कॉलर धरावी, हे तेव्हा कळेना. आणि खेदाची गोष्ट ही की, गावात त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. गड्या, आपलं काय अडलं, असंच चाललं होतं.

अडतं कुठं, ते ग्रामसभेत दिसतं. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या आहेत. सरपंचाने टाळाटाळ केली तर त्याचे पद जाऊ शकते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यातली कमी असेल ती संख्या लागते. एवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे चार टाळकी बसून घरकुलाच्या यादीवर बोलणार आणि आपण वर्षभर पारावर बसून शिव्या घालणार! काही ठिकाणी तर रजिस्टर घरोघर फिरते आणि आपण न वाचता सही ठोकतो. ती सही म्हणजे हिशेब मागायचा हक्क सोडून देणे होय.

ग्रामसेवक व सरपंच मंडळींनाही आमचे सांगणे आहे. दवंडी वेळेवर द्या. विषय फळ्यावर लिहा. जमाखर्च वाचून दाखवा, नुसता टेबलावर ठेवू नका. चोख कारभाराला सभेचे भय नसते.

आता त्या हुकुमाकडे या. आपल्या आज्याला सभा घ्यायला परवानगी लागत होती. ती बंदी मोडण्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे याच मुलखातली माणसे तुरुंगात गेली. आज सभा घ्यावीच लागते, असा कायदा आहे, आणि आपण जात नाही. निजामाने जे अडवले, ते आपण आपल्याच आळसाने सोडून द्यायचे काय?

पुढच्या ग्रामसभेला जा. मागे बसू नका, पुढे बसा. एकच प्रश्न विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत उठू नका. नातीलाही संगं न्या. लोकशाही म्हणजे काय, ते तिला तिथेच कळेल.