मागच्या चाकाची तक्रार

परवा नातीला शाळेतून घेऊन येत होतो. ती म्हणाली, "आजोबा, गाडी ओरडतेय. तुम्ही ब्रेक दाबलात की किर्र होतं." मला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हटलं, "उगाच काहीतरी!" जन्मभर वर्गात हेच म्हणत आलो, सवय जाते कुठे?

दोन दिवसांनी सौ.नेही तेच सांगितलं. तेव्हा मुकाट्याने गॅरेज गाठलं.

आमच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहेत. मेस्त्रींनी चाक उतरवून जुने पॅड माझ्या हातावर ठेवले. नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतो, ३ वर आला की बदलायचा. माझा आतल्या बाजूचा जेमतेम दीड उरला होता. बाहेरचा बरा होता, म्हणजे नुसतं वाकून पाहिलं असतं तरी फसलोच असतो. पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती मुद्दामच ठेवलेली असते, आपल्याला सावध करायला.

मेस्त्रींनी दोन्ही मागच्या चाकांचे पॅड बदलले. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर ब्रेक सारखा लागत नाही. आमच्या गाडीत हँडब्रेकही त्याच पिस्टनवर चालतो, म्हणून तो नुसता दाबून चालत नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. शेवटी म्हणाले, "सर, निघण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा."

पुढच्याच आठवड्यात नातीला घेऊन आंबा घाट उतरायचा बेत होता. नुसत्या विचाराने पोटात गोळा आला.

वय झालं की बारीक, चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो. आणि गाडी इशारा देते तो नेमका त्याच आवाजात! सत्तरीनंतर गाडी चालवू नये, असं मी म्हणणार नाही. पण कानांचा भरवसा सोडावा. प्रत्येक सर्व्हिसिंगला चारही चाकांचे आतले-बाहेरचे पॅड समोर मोजून घ्यावेत. लाज कसली त्यात?

घरी येऊन नातीला म्हटलं, "तुझं बरोबर होतं गं." ती म्हणाली, "मग तेव्हाच का नाही ऐकलंत?"

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.