महाकालाच्या दारी आधारची झेरॉक्स
उज्जैनला महाकालाची भस्म आरती पहाटे चारला. तिच्या बुकिंगला ओळखपत्र लागतं, शिवाय लॉजवाल्यालाही आधारची झेरॉक्स हवीच असते. पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार यासाठीच तर आहे. पण ते उतरवताना आधारच्या संकेतस्थळावरच्या एका चौकटीत आठवणीनं खूण करावी लागते. विसरलात, की बाराच्या बारा आकडे उघडे! त्यात पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. झेरॉक्सवाला विचारतो, ‘आंटीजी, पासवर्ड?’ आणि आपल्या काकू रांगेदेखत तो खणखणीत आवाजात सांगून टाकतात. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं ‘सरसकट झेरॉक्स देऊ नका’ असं पत्रक काढून बजावलं. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. मग सामान्य माणसानं धरायचं काय आणि सोडायचं काय? त्यापेक्षा गणितच उलटं मांडा. आधार झाकलेलंच उतरावं. ज्याला पूर्ण आकडे हवेत, त्यानं चौकट शोधत बसावं. उज्जैनच्या २०२८च्या सिंहस्थाला कोट्यवधी भाविक येतील. एवढ्यांना सावधगिरी शिकवण्यापेक्षा एक चौकट सुधारणं केव्हाही स्वस्त.