मासा, शिट्टी आणि वेसण



सुट्टी लागली की सांताक्रूझच्या आमच्या वस्तीत घरोघरी दोन मागण्या सुरू होतात. पहिली जुहू चौपाटीची, ती एका संध्याकाळी भागते. दुसरी राणीच्या बागेतल्या पेंग्विनची. यंदा काही अम्मींनी आम्हाला विचारले, "प्राण्यांना असे कोंडून ठेवलेले मुलांना दाखवणे बरोबर आहे का? आणि शिकवलेले जनावर बघणे म्हणजे तमाशाच ना?" प्रश्न चांगला आहे आणि एका शब्दात मिटणारा नाही.

आधी पेंग्विनकडे बघू. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. पेंग्विन म्हटले की मुले बर्फ काढतात. पण ही जात बर्फातली नाही. पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावर ती राहते. तिथून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यालाच हम्बोल्ट प्रवाह म्हणतात. म्हणून भायखळ्याला त्यांच्या दालनात बर्फाचा डोंगर नसून 16 ते 18 अंशांची थंड हवा आणि गार, गाळलेले पाणी ठेवावे लागते. बाहेर मे महिन्यात अंगाची लाही होत असताना आत हे सारे चोवीस तास चालू ठेवायचे असते.

ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांतली डोरी नावाची मादी जंतुसंसर्गाने गेली. तेव्हा शहरात मोठा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयातही गेले. मार्च 2017 मध्ये दालन लोकांसाठी उघडले. 15 ऑगस्ट 2018 ला पहिले पिल्लू जन्मले. पेढे वाटावेत असा आनंद झाला होता, पण आठवडाभरातच ते पिल्लू गेले. पुढे 2021 मध्ये ओरिओ आणि ऑस्कर ही पिल्ले जगली, वाढली, माशाअल्लाह. अंडे उबवायला सुमारे चाळीस दिवस लागतात आणि त्यात आई-बाप दोघे पाळीपाळीने बसतात. ही गोष्ट घरातल्या अब्बांना जरूर सांगावी.

पक्षी कोंडायचा म्हटले की त्याच्या देखभालीचे काम किती बारीक होते, याची कल्पना काचेबाहेरून येत नाही. कोणी किती मासे खाल्ले, कोणी तोंड फिरवले, याची रोज नोंद लागते. बर्फात साठवलेल्या मासळीतले ब जीवनसत्त्व कमी होते, म्हणून पाळणारे लोक माशाच्या कल्ल्यात गोळी सरकवून तो मासा भरवतात. मुलांना गुळातून औषध देतात ना, तसेच. वर्षातून एकदा पेंग्विनची सगळी पिसे झडून नवी येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत तो पाण्यात उतरत नाही, खातही नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटते पक्षी आजारी पडला. ज्याला ठाऊक आहे तो आधीच त्याला भरपूर खाऊ घालून ठेवतो.

आता शिकवण्याकडे येऊ. याचा उत्तम नमुना परदेशातल्या मत्स्यालयांतले सील. आपल्या समुद्रात सील नाही. कुत्र्यासारखे तोंड, मोठे ओले डोळे आणि पायांच्या जागी वल्ही असलेला हा प्राणी शंभर किलोच्या घरात जातो. चावला तर हात जाईल. त्याचा दात दुखत असेल, डोळ्यात औषध घालायचे असेल, तर दहा माणसांनी जाळे टाकून दाबून धरायचे का? पूर्वी तसेच करीत. आता शिकवणारा काठीच्या टोकाला एक चेंडू लावतो. सीलने त्याला नाक लावले की लगेच शिट्टी आणि शिट्टीमागून मासा. शिट्टीचा अर्थ एवढाच की आत्ता जे केलेस ते बरोबर. मग आ करणे, कुशीवर पडणे, रक्त काढायला वल्हे पुढे करणे, असे एकेक पाऊल टाकत महिनोन्महिने जातात. सीलने ऐकले नाही तर? शिकवणारा दोन-चार क्षण गप्प उभा राहतो आणि पुन्हा विचारतो. ओरडणे नाही, मारणे नाही. सील पाठ फिरवून पाण्यात गेला तर जाऊ देतो. चांगल्या ठिकाणी त्याचा दिवसाचा घास त्यासाठी तोडत नाहीत. कॅरन प्रायर या अमेरिकन बाईंनी 1963 पासून हवाईच्या समुद्रप्राणीगृहात डॉल्फिनना याच रीतीने शिकवले आणि पुढे 1984 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तीच रीत घरातल्या माणसांना लावून दाखवली.

बोस्टनच्या मत्स्यालयात हूवर नावाचा एक सील होता. 1971 मध्ये आई गमावलेले हे पिल्लू एका दांपत्याने आधी घरच्या न्हाणीच्या टबात आणि मग तळ्यात वाढवले. मत्स्यालयात गेल्यावर काही वर्षांनी तो चक्क माणसाच्या भसाड्या आवाजात बोलू लागला. कसा आहेस, इकडे ये, निघ इथून, अशी वाक्ये. ती त्याला कोणी शिकवली नव्हती. लहानपणी कानावर पडली होती तीच बाहेर आली. आपापल्या घरात मुलांच्या कानावर दिवसभर काय पडते, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

याच्या अगदी उलट रीत आपण दारात पाहिली आहे. अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी, उत्तरेत ज्यांना कलंदर म्हणतात, ते आपलेच कलमागो बांधव. अस्वलाचे पिल्लू आईपासून तोडायचे, तापवलेल्या सळईने नाकाडाला भोक पाडून दोरी ओवायची, दात तोडायचे. डमरू वाजला की दोरीला हिसका बसे आणि अस्वल मागच्या पायांवर उठे. आम्ही त्याला नाच म्हणून टाळ्या वाजवल्या. तो नाच नव्हता, ती कळ होती. त्या कुटुंबांजवळ दुसरा रोजगार नव्हता हेही खरे. म्हणूनच 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने अस्वले ताब्यात घेताना त्या घरांना दुसरा धंदा आणि मुलांना शाळा मिळवून दिली. 2009 च्या डिसेंबरात शेवटचे नाचते अस्वल सुटले. त्याच वर्षी शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि त्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलांना मारणेही बंद झाले. आम्ही शिक्षक आहोत. छडी कायद्याने गेली तरी जिभेवरची अजून सगळ्यांची गेलेली नाही, हे शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येते.

दीनमध्ये याला आधार आहे का, असे कोणी विचारील. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख आहे आणि ते शिकवणे अल्लाहने माणसाला दिलेल्या ज्ञानातून येते असे तिथे सांगितले आहे. म्हणजे जनावराला शिकवणे हा फालतू खेळ नाही, तेही इल्मच आहे. छोट्या अबू उमैरचा पाळीव पक्षी मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची प्रेमाने विचारपूस केली. यावरून पक्षी पाळण्यास उलमांनी मोकळीक मानली. पण मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपल्याला पाठ आहे. तिने त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे खाणे शोधायला सोडलेही नाही. एका उंटाने मालकाची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी त्याला कुरवाळले आणि मग मालकाला खडसावले, ही हदीसही मुलांना सांगण्यासारखी आहे.

मग पेंग्विन बघावेत की नाही? आमचे मत असे की ते मुळात आणायलाच नको होते. पेरूचा किनारा त्यांचा, भायखळ्याची काच नव्हे. डॉल्फिनच्या बाबतीत सरकारलाही हे पटले. 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नका असे राज्यांना कळवले. पण जे आले आहेत आणि जे इथेच जन्मले, त्यांना आता समुद्रात सोडले तर ते जगणार नाहीत. त्यांचा हक्क आपल्या शहरावर आहे. तो नीट अदा होतो की नाही हे बघायला लोकांनी गेलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

जाणार असाल तर सांताक्रूझहून धीम्या गाडीने दादर, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेची धीमी गाडी आणि भायखळा. बुधवारी बाग बंद असते. मुलांना काचेवर ठोकू देऊ नका. पेंग्विन पोहताना सगळेच बघतात. खाण्याची वेळ साधली तर मुलांना मासे भरवणाऱ्या माणसाकडे बघायला सांगा. एखादा पक्षी तोंड फिरवतो तेव्हा तो किती वेळ थांबतो, ते मोजू द्या.