शेजाऱ्यांना हवा भरवशाचा भारत

ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. दोन्ही देशांच्या उद्योजकांसमोर बोलताना त्या मध्येच हिंदीकडे वळल्या आणि म्हणाल्या, की भारताने कांदा बंद केल्यामुळे आपण आचाऱ्याला यापुढे जेवणात कांदा घालू नकोस असे सांगून टाकले आहे. सभागृहात हशा पिकला. त्यापाठोपाठची विनंती मात्र गंभीर होती: असे निर्णय घ्यायचे असतील तर आधी कळवत जा. चार-पाच दिवसांपूर्वीच भारताने कांद्याची निर्यात थांबवली होती आणि बांगलादेशात भाव भडकले होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, बंदी पुन्हा आली, तीही पूर्वसूचनेशिवाय. ढाक्याने लेखी नाराजी कळवली. डिसेंबर 2023 मध्ये तिसऱ्यांदा तेच झाले.

महाराष्ट्रात या बंद्यांची चर्चा लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांभोवती फिरली आणि ते साहजिकच होते, कारण शेतकऱ्याच्या तोंडचा घास गेला होता. पण त्याच आदेशांनी आणखी एक नुकसान केले, ज्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. भारतातून येणारा माल कोणत्याही दिवशी बंद पडू शकतो, हे शेजाऱ्यांना कळून चुकले. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाने चक्क विमानाने कांदा आणवला. पुढे त्या देशाने घरचे उत्पादन वाढवण्यावर भर दिला आणि खरेदीसाठी दुसरे देश शोधले. नाशिकच्या शेतकऱ्याचे हक्काचे गिऱ्हाईक दुरावले आणि देशाची पतही घसरली.

दिल्लीत शेजारधोरणाचा विषय निघाला, की तो चीनपाशी येऊन थांबतो. चिंता खोटी नाही. श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. ऑगस्ट 2022 मध्ये भारताचा विरोध असताना ‘युआन वांग 5’ हे चिनी टेहळणी जहाज तिथे येऊन उभे राहिले. बांगलादेशाला सर्वाधिक शस्त्रे चीनच पुरवतो. तरीही गेल्या दहा वर्षांचा हिशेब नीट पाहिला, तर एक गोष्ट वारंवार दिसते. चीनला शेजारात शिरायला वाव मिळाला, तो बहुतेक वेळा भारताचा पुरवठा थांबल्यावर, काम रेंगाळल्यावर किंवा शब्द अर्धवट राहिल्यावर.

नेपाळचे उदाहरण सर्वात बोलके. एप्रिल 2015 च्या भूकंपातून तो देश जेमतेम सावरत होता. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना लागू झाली, तिच्याविरुद्ध तराईतल्या मधेशींचे आंदोलन पेटले आणि भारतातून जाणारे इंधन आणि औषधे सीमेवर अडकली. आपण नाकेबंदी केलेली नाही, असे भारत सांगत राहिला. चुलीवर स्वयंपाक करण्याची पाळी आलेल्या काठमांडूच्या लोकांना ते पटले नाही. ही कोंडी फेब्रुवारी 2016 पर्यंत चालली आणि मार्चमध्ये तेव्हाचे पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी बीजिंगला जाऊन चीनमार्गे मालवाहतुकीचा करार केला. त्या डोंगराळ वाटेने आजही फारसा माल येत नाही. नेपाळी मतदाराच्या मनात मात्र पर्यायाची गरज पक्की बसली.

लशीच्या वेळीही तेच घडले. 20 जानेवारी 2021 ला पुण्यात तयार झालेली कोविशील्ड भूतान आणि मालदीवमध्ये पोहोचली, तेव्हा भारताबद्दल जी सद्भावना होती ती क्वचितच पाहायला मिळते. बांगलादेशाने 3 कोटी मात्रांचा करार केला होता. 70 लाख मिळाल्या आणि मग दुसरी लाट आली. आपल्याकडे रुग्णालयांत खाटा आणि प्राणवायू मिळत नसताना कोणत्याही सरकारने लस बाहेर पाठवली नसती, हे मान्यच करायला हवे. पण पुढचा पुरवठा केव्हा होईल याची खात्रीची तारीख ढाक्याला महिनोन्महिने मिळाली नाही. मे महिन्यात तिथे चीनची सिनोफार्म लस उतरली.

भारताने उलट वागूनही दाखवले आहे आणि त्याची फळे डोळ्यांसमोर आहेत.

एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली. पेट्रोलपंपांवर दिवसदिवस रांगा लागत होत्या, रुग्णालयांत औषधे नव्हती. त्या वर्षी भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत उभी केली: इंधन, औषधे, खते, कर्जफेडीला मुदतवाढ. जानेवारी 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला लेखी हमी देणारा पहिला धनको देशही भारतच होता. कोलंबोत सत्तेवर कोण आहे, तो आपला की चीनचा, हा प्रश्न तेव्हा आड आला नाही. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा पक्ष म्हणजे 1987 च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध शस्त्र उचललेली जनता विमुक्ती पेरमुना. अशा पक्षाच्या नेत्याने पहिल्या परदेश दौऱ्यासाठी दिल्ली निवडली आणि श्रीलंकेच्या भूमीचा भारताच्या सुरक्षेविरुद्ध वापर होऊ देणार नाही, असा शब्द दिला. दटावणीने हे मिळाले नसते.

मालदीवची कहाणी याहून बोधक आहे. मोहम्मद मुइझ्झू ‘इंडिया आउट’च्या लाटेवर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. तिथल्या भारतीय सैनिकांना परत जाण्यासाठी त्यांनी 10 मे 2024 ची मुदत दिली. समाजमाध्यमांवर आपल्याकडे मालदीववर बहिष्काराच्या हाका उठल्या होत्या. तरीही एप्रिल 2024 मध्ये भारत सरकारने मालदीवसाठी तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, बटाटे, अंडी आणि कांदा यांचा निर्यात कोटा मंजूर केला. 1981 मध्ये ही व्यवस्था सुरू झाल्यापासूनचा तो सर्वात मोठा कोटा होता. कांद्यावर निर्यातबंदी असतानाही मालेला तो जात राहिला. सैनिक परत आले, त्यांच्या जागी तंत्रज्ञ गेले, भांडण चिघळले नाही. ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू शासकीय भेटीवर दिल्लीत आले आणि चलन अदलाबदलीचा करार घेऊन गेले. या संयमाचे श्रेय परराष्ट्र मंत्रालयाला मोकळेपणाने द्यायला हवे.

मालदीवला चार दशके मिळणारी ही हमी बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंकेला का मिळू नये? बांगलादेशाने 2022 मध्ये असा वार्षिक कोटा मागितलाही होता. भारताच्या एकूण उत्पादनापुढे या देशांची गरज थोडी आहे. टंचाईच्या वर्षातही ठरलेला हिस्सा शेजाऱ्याला जाईल असा लेखी करार झाला, तर शहरी भावाच्या धास्तीने रातोरात बंदी घालण्याच्या सवयीलाही लगाम बसेल. शेतकरी संघटनांनी ही मागणी उचलून धरावी. इथे शेतकऱ्याचे हित आणि परराष्ट्र धोरण एकाच बाजूला आहेत.

रेंगाळलेली कामे हे दुसरे दुखणे. मालेहून विमानतळाच्या बेटाकडे जाणारा चिनी पूल ऑगस्ट 2018 मध्ये, तीन वर्षांच्या आत, खुला झाला. भारताच्या पैशातून होणाऱ्या 6.74 किलोमीटरच्या थिलामाले पुलाची घोषणा ऑगस्ट 2020 मध्ये झाली आणि त्याची पहिली मुदत केव्हाच उलटून गेली. महाकालीवरच्या पंचेश्वर धरणाचा करार 1996 चा आहे, धरण अजून कागदावरच आहे. मोतिहारी ते अमलेखगंज ही 69 किलोमीटरची तेलवाहिनी मात्र 2019 मध्ये मुदतीआधी पुरी झाली आणि नेपाळचे इंधन तिच्यातून वाहते आहे. म्हणजे मनावर घेतले तर जमते.

शेजाऱ्यांनी दोन्हीकडून फायदा घेऊ नये, अशी अपेक्षा दिल्लीने सोडून द्यावी. भारत अमेरिकेबरोबर ‘क्वाड’मध्ये बसतो, चीनबरोबर शांघाय सहकार्य संघटनेत बसतो आणि रशियाचे तेलही घेतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लादले, तेव्हा आपले निर्णय आपणच घेऊ, असे भारताने ठणकावले. ते योग्यच होते. जे स्वातंत्र्य भारत वॉशिंग्टनकडे मागतो, तेच काठमांडू आणि ढाका दिल्लीकडे मागतात. नेपाळच्या संसदेने फेब्रुवारी 2022 मध्ये चीनची नाराजी पत्करून अमेरिकेचे 50 कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. छोटे देश कोणाच्या खिशात नसतात.

याचा अर्थ सुरक्षेवर पाणी सोडायचे असा नाही. ज्या नेपाळी जलविद्युत प्रकल्पांत चिनी सहभाग आहे, त्यांची वीज भारत घेत नाही. काठमांडूला हे आवडत नाही, पण अट आधीपासून माहीत आहे, गुंतवणूकदार त्यानुसार ठरवतात आणि दहा वर्षांत 10,000 मेगावॉट वीज घेण्याचा करारही जानेवारी 2024 मध्ये झाला आहे. उलट बांगलादेशाशी 2025 मध्ये सुरू झालेली व्यापारी चढाओढ पाहा. तिथल्या तेव्हाच्या अंतरिम सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस चीनमध्ये ईशान्य भारताबद्दल अनाठायी बोलले. त्यानंतर एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशी मालाची भारतमार्गे तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढली. ढाक्याने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात रोखली. मे महिन्यात भारताने तयार कपड्यांना कोलकाता आणि न्हावा-शेवा ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. सीमा ओलांडून येणारा माल समुद्रमार्गे आणायला लावणे हे रागाच्या भरातले धोरण आहे, आणि आसाम-त्रिपुराच्या व्यापाऱ्यांनाही त्याची झळ बसली. जूनमध्ये चीन, पाकिस्तान आणि बांगलादेशाचे अधिकारी कुनमिंगला एकत्र बसले.

अशा चढाओढीत आपसातला व्यापार वाढत नाही: दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारातला जेमतेम 5 टक्के व्यापार या देशांमध्ये आपापसात होतो. आग्नेय आशियात हेच प्रमाण सुमारे 25 टक्के आहे.

आता मोठी कसोटी पाण्याची आहे. बांगलादेशाशी फराक्क्याच्या गंगाजल वाटपाचा करार 12 डिसेंबर 1996 ला 30 वर्षांसाठी झाला. दोन्ही देशांत अनेक सरकारे आली-गेली, तरी तो टिकला. त्याची मुदत 12 डिसेंबर 2026 ला संपते. 2011 मध्ये पश्चिम बंगालची संमती पक्की न केल्यामुळे तिस्तेच्या पाण्याचा करार शेवटच्या क्षणी फसला आणि अजून झालेला नाही. ती चूक गंगेच्या बाबतीत परवडणारी नाही. केंद्राने पश्चिम बंगाल आणि बिहारला आधी विश्वासात घ्यावे आणि मुदत संपण्यापूर्वी नव्या करारावर सही करावी. ढाक्यात सत्तेवर कोण आहे, हे पाहत बसू नये.