पस्तिशीतली फ्रेशर

जीएनएम नर्सिंगला प्रवेश घ्यायचं वय भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत १७ ला सुरू होतं आणि ३५ ला संपतं. आधीपासून एएनएम म्हणून काम करणाऱ्यांना वयाची वरची मर्यादा नाही, बाकीच्यांनी पस्तिशीच्या आत फॉर्म भरायचा. ही मुदत संपता संपता आत शिरणारी एखादी तरी बाई बऱ्याच बॅचमध्ये सापडते. कुणाची मुलं आता स्वतःचं दप्तर स्वतः भरू लागलेली असतात, कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणी वर्षानुवर्षं आशा ताई म्हणून बाळंतिणींना दवाखान्यात पोचवून लेबर रूमच्या दारातूनच परत फिरलेली असते. तीन वर्षांचा कोर्स संपला, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, नावापुढे आरएनआरएम लागलं, की वय झालेलं असतं ३६, नाहीतर ३८. मुलाखतीच्या फॉर्मवर मात्र ती फ्रेशर.

पहिली पंचाईत वॉर्डात पाऊल टाकल्या टाकल्या होते. अंगावर युनिफॉर्म असला तरी केसांत चार चंदेरी बटा असलेली बाई नवीन सिस्टर असेल हे कुणाला पटत नाही. एखाद्या पेशंटची सून तिला ‘मावशी, जरा बेडपॅन द्या’ म्हणून हाक मारते. दुसरा नातेवाईक तिलाच इन्चार्ज समजून बिलाची तक्रार सांगत बसतो. आणि खरी इन्चार्ज असते सत्तावीस वर्षांची. तिलाही कळत नाही, या बाईला ताई म्हणायचं की नावानं हाक मारायची, आणि चूक झाली तर झापायचं कसं. झापते ती, पण दोघीही अवघडून जातात.

कामाचं म्हणाल, तर सहा महिने हात थरथरतात. कॉलेजात सलाईनच्या थेंबांचं गणित वहीत सुटलेलं असतं: ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. वॉर्डात हेच गणित घड्याळाकडे बघत, एका हातानं रोलर फिरवत, पलीकडच्या कॉटवरचं पोरगं रडत असताना करायचं असतं. तेवढ्यात लॅबचा फोन येतो, डॉक्टरांचा राउंड सुरू होतो आणि औषधांची वेळ टळलेली असते. बावीस वर्षांची सहकारी निळं इंट्राकॅथ एका फटक्यात लावून मोकळी होते, हिला दुसरी शीर शोधावी लागते. त्यात चाळिशीचा चष्मा. रात्री दोन वाजता, दिवे मंद केलेल्या वॉर्डात, सिरिंजवरच्या रेघा चष्म्याशिवाय दिसतच नाहीत, आणि चष्मा नेमका नर्सिंग स्टेशनवर राहिलेला असतो.

या रेघा किती महत्त्वाच्या, त्यासाठी इन्सुलिनचं एकच उदाहरण पुरे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. आता १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी घाईत जमली, आणि सिस्टरनं केस पेपरप्रमाणे बरोब्बर २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटच्या पोटात जातात ५० युनिट. अडीचपट. रेघ बरोबर वाचूनही चूक. त्यामुळे बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात धरून शेजारच्या सिस्टरला ‘एवढं बघ गं’ म्हणणारी नवखी बाई वेळखाऊ वाटली, तरी त्या वॉर्डात तीच बरी.

हा पहिल्या वर्षाचा हबका वयामुळे बसतो असं त्या बाईला वाटतं, घरच्यांनाही वाटतं. ‘या वयात कशाला हौस’ हे वाक्य त्यांच्या तोंडी तयारच असतं. पण या हबक्याचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे, आणि तो विशीतल्या नर्सेसनाही बसतो. मार्लिन क्रेमर या अमेरिकी संशोधिकेचं ‘रिअॅलिटी शॉक’ हे पुस्तक १९७४ सालचं. कॉलेजात शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डात चालणारं नर्सिंग यांतली दरी नवीन नर्सला कशी गाठते, तेच त्यात आहे. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी नर्स नवशिकी असल्यापासून तज्ज्ञ होईपर्यंतचे पाच टप्पे मांडले. त्यांच्या मते नर्सला कामाचा नीट आवाका यायला एकाच तऱ्हेच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं जातात. आणि आयसीयूत मुरलेली नर्स अचानक प्रसूती विभागात टाकली, तर तीही पुन्हा नवशिकीच ठरते. वयाचा संबंध इथे फारसा येत नाही. किती पेशंट हाताखालून गेले, एवढाच हिशेब.

वाट्याला येणाऱ्या टोमण्यांनाही मोठा इतिहास आहे. ज्येष्ठ नर्सेस नव्या पोरींना कसं छळतात, यावर अमेरिकेत ज्युडिथ माइस्नर यांनी १९८६ मध्ये लेख लिहिला. आपण आपलीच पिल्लं खातो आहोत का, असा प्रश्नच त्यांनी मथळ्यात टाकला होता. चाळिशीकडे झुकलेल्या नवख्या बाईची गंमत अशी की ती पिल्लू दिसत नाही, पण खाल्ली तितकीच जाते.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांबद्दल एक गोड समज आहे. वयानं समज येते, माया असते, संसार केलेला असतो, त्यामुळे पेशंटशी त्या छान बोलतात. यात तथ्य आहे. बायपासच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या गृहस्थाशेजारी पाच मिनिटं बसून त्यांच्या नातवाची चौकशी करणं बाविसाव्या वर्षी सगळ्यांना सुचत नाही. सासूचं पक्षाघाताचं आजारपण घरी काढलेल्या बाईला पेशंटची कूस दर दोन तासांनी का बदलायची हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण ही मायाच पुढे तिच्या अंगावर येते. रडणारे नातेवाईक तिच्याकडे, हट्टी म्हातारे तिच्याकडे, मृतदेह गुंडाळायचा तर तिला हाक. ‘ताई, तुम्हालाच जमतं’ म्हणत सगळे सटकतात, आणि क्रॅश कार्ट उघडायची, व्हेंटिलेटर लावताना बाजूला उभं राहायची, शिकायची वेळ आली की पुढे होतात तरुण मुली. वर्षभरानं कळतं की वॉर्डाची लाडकी ताई ईसीजीच्या पट्टीवर काय दिसतंय ते अजून सांगू शकत नाही. समजूतदारपणाचं हे कौतुक तिला महागात पडतं, आणि ते हसतमुखानं नाकारायला शिकणं हाही तिच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचा भाग आहे.

खरं तर महाराष्ट्रात उशिरा सुरुवात करणाऱ्या बायका या व्यवसायात फार पूर्वीपासून आहेत. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांनी पुनर्विवाहानंतर नागपूरला जाऊन सुईणकामाचं शिक्षण घेतलं. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रामुळे त्यांचं आयुष्य आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतं. रमाबाई रानडे १९०१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर विधवा झाल्या. १९०९ मध्ये पुणे सेवासदनाचं काम सुरू झालं आणि त्यांनी विधवांना, टाकलेल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडायला सुरुवात केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं हे त्या काळी कुलीन घरातल्या बाईला शोभणारं काम मानलं जात नव्हतं. तिकडे विलायतेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं घरच्यांचा विरोध मोडून जर्मनीतल्या कायझरवर्थला जाऊन शिकायला सुरुवात केली ती एकतिसाव्या वर्षी, आणि लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर पहिली नोकरी धरली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. दरवर्षी १२ मेला तिच्या फोटोला हार घालणाऱ्या आपल्या संस्थांत तेहतिशीची नवखी नर्स मात्र ‘ओव्हरएज’ वाटते.

ओव्हरएजचा खरा फटका नोकरीच्या जाहिरातीत बसतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेत वयाची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. जीएनएम केलेल्यांना शिवाय किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणजे हे दार तिच्यासाठी, बहुतेक वेळा, कोर्स सुरू व्हायच्या आधीच बंद झालेलं असतं. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा असते. ३६ व्या वर्षी नोंदणी झाली, तर खुल्या प्रवर्गातल्या बाईच्या हातात जेमतेम दोन वर्षं उरतात. त्या दोन वर्षांत जाहिरात निघाली तर निघाली. ज्या राज्यात रुग्णालयं नर्सेस मिळत नाहीत म्हणून ओरडतात, तिथे वयाची ही कात्री कुणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न मंत्रालयात कुणीतरी विचारायला हवा.

उरतात खासगी रुग्णालयं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं खासगी नर्सेसच्या पगाराबाबत शिफारशी केल्या: ५० खाटांखालच्या रुग्णालयातही महिना २०,००० पेक्षा कमी नको, आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये कामाला लागलेली कुणीही सांगेल. केरळनं नर्सेसच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये २०,००० चं किमान वेतन अधिसूचित केलं. आपल्याकडे अजून ‘आधी काम शिका, मग पगाराचं बघू’ हेच चालतं, आणि उशिरा आलेली बाई परतीचे दोर कापलेले असल्यानं ते निमूट ऐकून घेते.

अमेरिकेत हे चित्र बरंच निराळं आहे. तिथे दुसरं करिअर म्हणून नर्सिंगला येणं नवलाचं राहिलेलं नाही. दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी वेगळे जलद अभ्यासक्रम आहेत, एनक्लेक्स परीक्षा उत्तीर्ण झाली की परवाना मिळतो, आणि अनेक रुग्णालयं नवीन नर्सला वर्षभराची रेसिडेन्सी देतात, म्हणजे ठरलेली अनुभवी नर्स सोबतीला. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या, इथली बीकॉम किंवा बीएस्सी जवळ असलेल्या मराठी बायकांनाही कम्युनिटी कॉलेजातून नर्स होण्याची वाट खुली असते. त्यांना पुण्या-मुंबईहून फोनवर ‘इतकं शिकून हे काय’ असं ऐकावं लागतं, पण तिथल्या वॉर्डात त्यांच्या वयाकडे कुणी वळून बघत नाही.

रेसिडेन्सी आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. म्हणून नोकरी निवडताना घराजवळचं दहा खाटांचं नर्सिंग होम आणि तासभर लांबचं दीडशे खाटांचं रुग्णालय यांत दुसरं घ्यावं, पगार सारखा असला तरी. दहा खाटांच्या ठिकाणी नाइटला ती एकटीच असते आणि विचारायला आरएमओसुद्धा झोपलेला. मोठ्या रुग्णालयात शेजारच्या वॉर्डातली ज्येष्ठ सिस्टर मिळते, औषधांची दोघींनी तपासणी करायची शिस्त मिळते, वेगवेगळ्या विभागांत फिरायला मिळतं. चष्म्याची दोरी गळ्यात अडकवावी, त्यात लाजायचं कारण नाही. आणि ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून ओव्हर घेताना ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’ असं म्हणायला सत्तावीस वर्षांच्या इन्चार्जसमोरही मागेपुढे पाहू नये.

मुलाखतीत पगाराच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: ओरिएंटेशन किती आठवड्यांचं, आणि रात्री जनरल वॉर्डात किती पेशंटमागे एक सिस्टर असते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिनामागे एक असा आहे. इतक्या सिस्टर कुठे नसतात, हे ती तीन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये बघून बसलेली असते. पण आकडा सांगणारा एचआर आणि ‘ते जॉइन झाल्यावर कळेल’ म्हणणारा एचआर यांत फरक आहे. दुसऱ्याकडे फाइल ठेवून यावी, मूळ प्रमाणपत्रं मात्र ठेवू नयेत.