सही राहिली, मत गेले!

मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानयंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांनी चित्र पालटले आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. तेथे १११ टपाली मते बाद ठरली होती.

टपाली मतपत्रिका आतल्या पाकिटात असते. हे पाकीट आणि मतदाराचे घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात. मोजणीवेळी आधी घोषणापत्र तपासतात. त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, तर आतले पाकीट न उघडताच मत बाद होते. विजयाचे अंतर बाद मतांहून कमी असेल, तर त्या मतांची फेरतपासणी होते. पण राहिलेली सही तेव्हा करता येत नाही.

टपाली मतदारांत निवडणूक कर्मचारीही असतात. इतरांचे मतदान पार पाडणाऱ्यांचेच मत सहीअभावी वाया जाणे व्यवस्थेला शोभत नाही. सुविधा केंद्रात बाहेरचे पाकीट बंद होण्यापूर्वीच घोषणापत्र तपासणे सक्तीचे करावे. मतपत्रिका वेगळ्या पाकिटात असल्याने गुप्तताही भंगणार नाही. शिवाय बाद मतांची कारणे मतदारसंघनिहाय जाहीर करावीत. ४८ मतांनी खासदार ठरतो, तेथे एकेका सहीला मोल आहे.