रस्त्यावर मीठ नको, आधी माती उचला!

हिवाळा आला की घोडबंदर रोड असो नाहीतर कल्याण-शीळ रोड, तीच रड. मेट्रोची कामं, खोदून ठेवलेले रस्ते, उघडे डंपर आणि बाइकवाल्यांच्या डोळ्यांत धूळ. मग कुणीतरी हमखास सुचवतं, "दिल्लीसारखं केमिकल मारा ना रस्त्यावर, धूळ बसेल!"

मंडळी, हे केमिकल म्हणजे बहुतेकदा मॅग्नेशियम क्लोराइड. एक प्रकारचं मीठच. थंड देशांत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून जी द्रावणं फवारतात, त्यांतही हे वापरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून धूळ काही दिवस चिकटून बसते. बसते म्हणतोय, जात नाही! माती तिथल्या तिथेच.

आणि त्याची किंमत? क्लोराइड लोखंडाला गंज चढवतं. काँक्रीटमध्ये मुरलं की आतल्या सळया खातं. अमेरिकेत पूल आणि गाड्या अशा मिठांनीच सडतात, तरी ते वापरतात, कारण बर्फावर गाडी घसरली तर माणूस जातो. त्यांची ती मजबुरी आहे. आपली कसली? डोंबिवलीत बर्फ पडतो का?

पुलांचं दुखणं तर आपल्याला कुणी सांगायला नको. धोकादायक ठरलेला पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला, नवा मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. कोपर पूल २०१९ मध्ये बंद झाला, २०२१ मध्ये उघडला. ते हाल विसरलात? त्याच पुलांवर आता मीठ शिंपडायचं?

टँकरने साधं पाणी मारणं हाही तात्पुरता उपाय. दुपारपर्यंत सुकतं, धूळ परत उडायला मोकळी.

खरा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. दुभाजकाकडेला साचलेली माती रोज उचला. साइटवरून निघणाऱ्या डंपरची चाकं धुवा, वर ताडपत्री घाला. खोदलेला चर लगेच डांबर घालून बुजवा. गाड्या झाकून न्या, हे उच्च न्यायालयानेही २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बजावलं होतं. नवीन काहीच नाही, फक्त करायचं राहिलंय.

केमिकल मारलं की फोटो छान येतो, ठेकेदाराचं बिलही निघतं. माती उचलली तर बातमी होत नाही. म्हणूनच आपण मागणी करताना शहाणं व्हायला हवं. उघडा डंपर दिसला की नंबरासकट फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला तक्रार द्या आणि एकच विचारा: माती कधी उचलताय?

पटलं तर शेअर करा.